पावसाची वाट बघणारे प्रेक्षक

निशीकासाई (धागाकर्ती)

मंडळी, आम्ही टोकियोच्या पूर्व टोकाला निशी-कासाईत राहतो. इथे मराठी शेजार इतका, की कढीपत्ता संपला तर दार वाजवून मागता येतो. तोझाई लाइनने दोन स्टेशनं पुढे गेलं की उरायासु, आणि डिस्नेलँड त्याच उरायासुत. त्यामुळे भारतातून कुणीही आलं की त्यांना तिकडे नेणं आपसूक माझ्याच गळ्यात पडतं. कितव्यांदा गेले ते मोजायचं केव्हाच सोडलं. राइडांचं अप्रूप तीन-चार खेपांत ओसरलं, मग मी प्रेक्षक बघायला लागले. खरं सांगते, तिथला सगळ्यात चांगला खेळ तोच आहे.

आधी माझी फजिती. पहिल्या खेपेला परेड बघायला आम्ही रस्त्याकडेला जागा धरली. पुढच्या चार-पाच रांगा जमिनीवर बसलेल्या, प्रत्येक कुटुंबाची आपापली प्लास्टिकची चटई, बूट काढून जोडीने लावलेले. मागचे उभे. वळणावर मिकीची गाडी दिसली आणि मी पोराला कडेवर घेऊन ताडकन उभी राहिले. मागून कुणी हूं की चूं केलं नाही. आपल्याकडच्या मिरवणुकीत एव्हाना "ओ ताई, बसा की खाली!" आलंच असतं. इथे एक कर्मचारी मुलगी लगबगीने आली, माझ्यापुढे गुडघ्यावर बसली आणि हसत दोन्ही तळवे हळूच खाली दाबले. वळून बघितलं तर मागच्या आजीबाई माझ्या कुशीला वळसा घालून मान वाकडी करून बघत होत्या. आणि त्यांनीच मला "सुमिमासेन" (माफ करा) म्हटलं! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग हळूहळू रीत कळली. परेडला तासभर उरल्याशिवाय चटई पसरायची नाही. पुढच्यांनी बसायचं. डोक्यावरचे मिकीचे कान, टोप्या काढून मांडीवर ठेवायच्या. कॅमेरा डोक्याच्या वर न्यायचा नाही, पोराला खांद्यावर घ्यायचं नाही. कर्मचारी हे सांगत फिरतात खरे, पण त्यांचं सांगून व्हायच्या आत लोकांनी ते केलेलंही असतं.

आता याचा खेळावर काय परिणाम होतो बघा. पुढचे सगळे बसलेले, त्यामुळे नाचणाऱ्याला पाचव्या रांगेतला चेहराही दिसतो. तो गर्दीकडे बघून हात हलवत नाही, कुणा एकाकडे बघून हलवतो. सणासुदीच्या परेडी मध्येच थांबतात, गाड्या ठरलेल्या जागी उभ्या राहतात आणि तिथे नाच होतो. या जागांना नेहमीचे लोक 'तेइशी इची' म्हणतात, म्हणजे थांब्याची जागा. गूफी कुठे थांबणार, डेझी कुठे, हे त्यांना पाठ असतं. प्रेक्षकांनी स्वतः काढलेले नकाशे नेटवर फिरतात. नाचातल्या हातवाऱ्यांना 'फुरी'. नवी परेड सुरू झाली की थोड्याच दिवसांत पुढच्या रांगा बसल्या बसल्या सगळी फुरी बिनचूक करायला लागतात, आणि नाच बसवणाऱ्यांनाही ते ठाऊक असतं. म्हणून हातवारे कमरेच्या वरचे, बसून करता येतील असे. (हे शेवटचं माझं निरीक्षण आहे. कुणी नाच बसवणारे असतील तर खोडून काढा.)

माझी सगळ्यात लाडकी गोष्ट म्हणजे पाऊस. अमेरिकेतल्या डिस्नेलँडात शिरताना मेन स्ट्रीट लागते, डोक्यावर मोकळं आकाश. इथे १९८३ साली पार्क झालं तेव्हापासून त्या जागी 'वर्ल्ड बझार' आहे आणि त्यावर काचेचं छप्पर. पण परेडीवर छप्पर कुठून घालणार? रात्रीची दिव्यांची परेड पावसात निघू शकत नाही. तर यांनी रिमझिमीसाठी वेगळी छोटी परेड ठेवली आहे, 'नाइटफॉल ग्लो'. मोजक्या गाड्या, ओल्या रस्त्यात पडलेली त्यांची प्रतिबिंबं, रेनकोट घातलेली शांत माणसं. ती ठरवून बघता येत नाही. पाऊस जास्त झाला तर तीही रद्द, थांबला तर मोठी परेड. त्यामुळे नेहमीचे लोक मोबाइलवर ढगांचं रडार उघडून बसतात आणि पाऊस पडावा, पण बेताचा पडावा, अशी मनोमन प्रार्थना करतात. मोठी परेड त्यांनी खंडीभर वेळा बघितलेली असते हो!

तर माझं म्हणणं असं : जपानी प्रेक्षक शांत म्हणून थंड, असं आपण समजतो ते चूक. तो खेळाचा अर्धा वाटा स्वतःकडे घेतो, आणि खेळ करणारे त्याच्या भरवशावर खेळ रचतात. तुम्ही बघितलेलं सांगा. डफी अस्वलाबद्दल मुद्दाम लिहिलं नाही, त्यावर कुणीतरी लिहिणारच.

---

खलबत्ता

वाचनखूण साठवली. डफीचा घास ठेवलायत तर घेतो.

हे अस्वल मुळात अमेरिकेतलं. फ्लोरिडाच्या दुकानात 'डिस्ने बेअर' म्हणून विकायला होतं, कुणी फारसं ढुंकून बघितलं नाही. ते टोकियोत डिस्नेलँडच्या जोडीच्या डिस्नेसी पार्कात आलं. २००५ साली त्याला नाव आणि गोष्ट मिळाली : मिकी सफरीला निघाला, त्याला एकटं वाटू नये म्हणून मिनीने अस्वल शिवलं आणि डफल बॅगेत घालून दिलं, म्हणून डफी. ना सिनेमा, ना कार्टून. एवढ्याशा गोष्टीवर लोकांनी डोक्यावर घेतलं. २०१० साली त्याला मैत्रीण आली, शेलीमे. २०१४ मध्ये जेलातोनी नावाचं मांजर. मग हाँगकाँग, शांघाय इथे गोतावळा वाढतच गेला. अमेरिकेतही डफीला परत नेलं, पण तिथे काही जमलं नाही.

गंमत लोक त्याच्याशी काय करतात त्यात आहे. हॉटेलात टेबलावर त्याला वेगळी जागा, समोर बशी, मग फोटो. ऋतूप्रमाणे कपडे, कित्येकांनी घरी शिवलेले. आपल्याकडे बाळकृष्णाला स्वेटर घालतात तसं. पार्काने अस्वल दिलं, त्याला घरातलं माणूस प्रेक्षकांनी केलं.

---

हिशेबनीस

धागा छान आहे, पण थोडं पाणी ओततो. ताई, हा सगळा शेवटी धंदा आहे. प्रेक्षक घडवतात वगैरे म्हणायला बरं वाटतं. कंपनी बघते काय खपतं, आणि तेच आणखी बनवते. पॉपकॉर्नचंच घ्या. करी, सोया सॉस-बटर, मध, काळी मिरी, एकेका गाडीवर एकेक चव. चवीसाठी अख्खं पार्क पालथं घालायला लावायचं, आणि गळ्यात अडकवायचा प्लास्टिकचा डबा वेगळा विकायचा. परतताना ऑफिसात वाटायला बिस्किटांचे पत्र्याचे डबे. 'ओमियागे', म्हणजे सहलीहून आणलेला खाऊ, न नेता कामावर गेलं तर कसं दिसेल, या धाकावर दुकानं चालतात.

आकडे बघा. पहिल्या वर्षी माणसं आली ९९ लाखांच्या आसपास. २०१८च्या आर्थिक वर्षात दोन्ही पार्कं मिळून सव्वातीन कोटींच्या वर. एवढी गर्दी आली की रांग लागणार, रांग लागली की शिस्त लावावी लागणार. त्यात संस्कृती कुठून आली?

---

निशीकासाई

हिशेबनीस काका, धंदा आहे हे कोण नाकारतंय? तुम्ही 'काय खपतं ते बघते' म्हणालात, तेच मी दुसऱ्या शब्दांत म्हणतेय. आणि एक बारकावा आहे. टोकियोचं पार्क डिस्नेच्या मालकीचं नाहीच. ते ओरिएंटल लँड या जपानी कंपनीचं. डिस्नेला नाव वापरल्याचे पैसे जातात. म्हणजे अमेरिकेत बसलेल्या साहेबापेक्षा समोरच्या प्रेक्षकाचं ऐकणारा मालक इथे हजर आहे.

करी पॉपकॉर्नबद्दल बोलायचं तर माझ्या सासऱ्यांनी एक खाल्ला आणि म्हणाले, "चिवड्यातली हळद जास्त झालीय." तरी डबा संपवला.

---

फ्लोरिडाकर

मी ऑर्लँडोजवळ राहतो, तर दुसरी बाजू मांडतो. 'जपानी' हा शब्द इथे जरा जास्त काम करतोय, असं मला वाटतं. कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडला जा. तिथे आसपास राहणारे, वर्षाचा पास काढून दर आठवड्याला येणारे लोक आहेत. त्यांनाही परेड पाठ असते, तेही तासन् तास कडेला बसून असतात, आणि जुनी राइड काढली तर आकाशपाताळ एक करतात. इथे फ्लोरिडात मात्र बरीच कुटुंबं कर्ज काढून आयुष्यात एकदा येतात. त्यांना सगळं एका आठवड्यात उरकायचं असतं, चटई पसरून बसायला वेळ कुणाला?

म्हणजे फरक जपानी-अमेरिकी असा नसून परत परत येणारा आणि एकदाच येणारा असा असावा. टोकियोला आगगाडीच्या अंतरावर कोट्यवधी माणसं राहतात. असं शहर कुठल्याही पार्काच्या उशाला दिलं तर असेच प्रेक्षक तयार होतील.

---

निशीकासाई

फ्लोरिडाकर, हे मानलं. 'जपानी' म्हणताना मी 'शेजारी' म्हणायला हवं होतं बहुधा. निदान निम्मं. पण निम्मंच हं! टोकियोत वर्षाचा पास २०२० साली बंद झाला. दर वेळी पूर्ण तिकीट काढूनही तीच माणसं येतातच आहेत. आणि परत परत येणारा माणूस आपला जुना हक्क म्हणून पुढे घुसतो, की मागच्यासाठी कान काढून ठेवतो, हे काही आगगाडी ठरवत नाही.

---

नाट्यवेडी

ताई, हे सगळं डिस्नेच्या कितीतरी आधीचं आहे. काबुकीच्या थिएटरात मागच्या, स्वस्तातल्या जागांवर बसणारे जाणकार असतात, त्यांना 'ओमुको' म्हणतात. नट एका आविर्भावात थिजतो, डोळे फिरवतो, त्या थिजण्याला 'मिए'. त्या क्षणी मागून त्याच्या घराण्याचं नाव कडाडतं : "नारिताया!" श्वासभर आधी आलं तर रसभंग, उशिरा आलं तर हसं. नट त्या हाकेसाठी जागा सोडतो. हाक आलीच नाही तर मिए उघडा पडतो. २०२० साली साथीत ओरडायला बंदी घालून काबुकी पुन्हा सुरू झालं, तेव्हा नटांना काय वाटलं असेल?

आपल्या संगीत नाटकातला 'वन्स मोअर' आठवा. तिथेही प्रेक्षक प्रयोगाची लांबी ठरवायचा, रात्रीचे तीन वाजवायचा. फरक एवढाच, की आपला प्रेक्षक नटाला थांबवून पुन्हा गायला लावतो, आणि त्यांचा प्रेक्षक नटाने ठेवलेल्या फटीत अचूक बसतो.

दुसरं, ताकाराझुका. रेल्वेचा मालक कोबायाशी इचिझो याने गाडीला प्रवासी मिळावेत म्हणून गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी मुलींचं गाणं-नाटक सुरू केलं. पहिला प्रयोग १९१४ साली, न चाललेल्या पोहण्याच्या तलावावर रंगमंच उभारून. पुरुषांच्या भूमिकाही मुलीच करतात. (बालगंधर्वांचं उलटं गणित.) तिथे एकेका नटीचे चाहते थिएटरच्या दाराशी ओळीने उभे राहतात, ती आली की सगळे एकदम खाली बसतात, म्हणजे मागच्यांना दिसावी. तुमच्या परेडीतली बसलेली रांग मला त्याच घरातली वाटते.

---

निशीकासाई

नाट्यवेडी, साष्टांग नमस्कार. दारातलं ते खाली बसणं मला ठाऊकच नव्हतं.

तुम्ही म्हणता तसे एकेका कलाकाराचे चाहते इथेही आहेत. मिकी-मिनी सोडा, गाडीच्या मागे नाचणाऱ्या बिननावाच्या नर्तकांचेही. लांबलचक लेन्स लावून नेमका एकाचाच फोटो काढणाऱ्या बायका मी बघितल्या आहेत. २०१०च्या दशकात डिस्नेसीच्या हॅलोवीनला खलनायकांचे 'तेशिता', म्हणजे हस्तक, म्हणून देखणी माणसं आणली होती. कुठल्याही सिनेमात नसलेली. पोरी खलनायकाला सोडून हस्तकांच्या मागे! पार्कात बायका पुरुषांच्या दुपटीहून जास्त असतात, हे विसरून चालत नाही.

---

ओसाकाकर

टोकियोवाल्यांनो, जरा आमच्या ओसाकालाही या. युनिव्हर्सल स्टुडिओज जपान, ३१ मार्च २००१ला उघडलं. पहिल्या वर्षी १ कोटी १० लाख लोक, आणि मग उतरती कळा. 'हॉलिवूडच्या सिनेमांचं पार्क' एवढंच सोवळं पाळत बसले होते. २०१० साली मोरिओका त्सुयोशी नावाचा मार्केटिंगचा माणूस आला. त्याच्या हातात पैसा नव्हता. २०११च्या हॅलोवीनला त्याने काय केलं? संध्याकाळ झाली की रस्त्यावर झॉम्बी सोडले. बास. नवी राइड नाही, इमारत नाही. चेहरे रंगवलेली माणसं आणि किंचाळायला उत्सुक असलेली गर्दी. २०१३ साली जुन्याच रोलर कोस्टरचे डबे उलटे लावून लोकांना पाठमोरं पळवलं, त्यालाही ही रांग! मग २०१४ला ४५ अब्ज येन खर्चून हॅरी पॉटर आणलं. पुढच्या वर्षापासून 'कूल जपान' म्हणून जपानी कार्टूनं आणि व्हिडिओ गेमांचे खेळ, २०२१ला निन्टेन्डो.

माझा मुद्दा झॉम्बींचा. तो खेळ ओसाकाच्या माणसांशिवाय उभाच राहिला नसता. इथल्या माणसाला रस्त्यात बोटाची बंदूक करून "बान!" म्हणा, तो छाती धरून कोसळतो. परका माणूस, सुटात, ब्रीफकेस हातात. त्याला 'नोरी' म्हणतात. समोरच्याने टाकलेला चेंडू खाली पडू द्यायचा नाही. झॉम्बी धावत आला की पोरी किंचाळून पळतात, वळसा घालून परत त्याच झॉम्बीपुढे येतात. थोडक्यात, टोकियो म्हणजे पुणं आणि ओसाका म्हणजे कोल्हापूर.

---

सोलापुरी_चादर

पुण्यावर आलात का शेवटी! कुठलाही धागा असो, पन्नास प्रतिसादांत पुणं येणारच. इथे तर आठव्यातच आलं.

---

ठाणे_लोकल

किंचाळण्यावरून आठवलं. २०२०च्या उन्हाळ्यात जपानी पार्कं पुन्हा उघडली तेव्हा रोलर कोस्टरवर ओरडू नका, असं पार्कांच्या संघटनांनी ठरवलं. लोक हसले, हे कसं शक्य आहे म्हणून. तेव्हा फुजीच्या पायथ्याच्या फुजी-क्यू हायलँडने व्हिडिओ काढला. कोट-टायमधले दोन साहेब मास्क लावून कोस्टरच्या पुढच्या डब्यात, चेहऱ्यावरची रेषही न हलवता. एकाने वाऱ्याने विस्कटलेले केस मध्येच सारखे केले. शेवटी अक्षरं : 'किंचाळायचं ते मनातल्या मनात.' सुपरहिट! मग लोकांनी दगडी चेहऱ्याने बसायचाच खेळ केला. बंदी आली तर बंदीचाच खेळ. आपल्या लोकलमध्ये गर्दीतही भजन चालतं, त्यातला प्रकार.

---

सोलापुरी_चादर

एक प्रामाणिक प्रश्न. भाषेचं काय करतात? विनोद, गोष्टी सगळ्या अमेरिकी. ते जपानी माणसाला कसं पोचतं?

---

खलबत्ता

चादरभाऊ, टॉवर ऑफ टेररचं उदाहरण ऐका. अमेरिकेतली ही राइड एका जुन्या टीव्ही मालिकेवर बेतलेली. लिफ्ट तुटते, तुम्ही कोसळता, निवेदक त्या मालिकेतला. जपानात ती मालिका घराघरांत पोचलेली नाही. मग २००६ला डिस्नेसीत राइड आणताना गोष्टच नवी रचली. न्यूयॉर्कचा एक धनाढ्य, हॅरिसन हायटॉवर. देशोदेशीच्या मूर्ती लुबाडून आपल्या हॉटेलात मांडणारा. आफ्रिकेतून 'शिरिकी उतुंदु' नावाची मूर्ती उचलून आणतो, आणि १८९९च्या शेवटच्या रात्री लिफ्टमधून गायब होतो. आता १९१२ साल आहे आणि तुम्ही त्या ओसाड हॉटेलाच्या सहलीला आला आहात. रांगेत उभ्या उभ्या भिंतीवरची चित्रं बघायची, त्याने काय काय चोरलं ते कळत जातं. दोन तास रांगेत उभा राहणारा, आणि उभा राहून भिंत वाचणारा प्रेक्षक आहे म्हणून रांगेतच निम्मी गोष्ट सांगता येते. मूर्तीचे डोळे हिरवे चमकतात त्या खोलीत पाचव्यांदा आलेला माणूसही श्वास रोखून उभा असतो.

उलट उदाहरणही आहे. १९८३ला उघडलं तेव्हा तिथे 'मीट द वर्ल्ड' होतं, जपानच्या इतिहासावर, गोष्ट सांगणारा करकोचा वगैरे. २००२ला बंद. त्या जागी २००९ला मॉन्स्टर्सची राइड आली, हातात टॉर्च घेऊन राक्षसांशी लपंडाव. जपानी प्रेक्षकाला पार्कात जपान नकोच असतो. त्याला अमेरिका हवी, पण आपल्या पद्धतीने बघायला मिळालेली.

---

हिशेबनीस

हे पटलं. घरचा डबाही आत नेऊ देत नाहीत. बाहेर वेगळी जागा आहे, तिथे बसून खायचा. आत शिरलात की जपान बाहेर. आमच्या मंडळींनी तिथेच ठेपले सोडले होते. शेजारच्या चटईवरच्या आजोबांनी दुरून वास घेतला आणि मान डोलावली.

---

निशीकासाई

भाषेवरून आईची गोष्ट सांगायलाच हवी. डिस्नेसीत 'टर्टल टॉक' आहे, २००९पासून. काचेपलीकडे क्रश नावाचं कासव पोहत येतं आणि प्रेक्षकांशी खरंखुरं बोलतं. अर्थात पडद्यामागे माणूस असतो, पण कासवाचे ओठ त्याच्या शब्दांबरोबर हलतात. दर खेळ वेगळा, कारण समोरची माणसं वेगळी. सुरुवातीला क्रश पंख उंचावून सगळ्यांकडून "ऊऽऽऽ" म्हणवून घेतो, आणि एरवी लिफ्टमध्ये जमिनीकडे बघणारे गृहस्थ दोन्ही हात वर करून ओरडतात. 'काय करायचं' ते एकदा सांगितलं की संकोच संपतो. इथल्या प्रेक्षकाची किल्ली तीच आहे असं माझं मत झालंय.

तर क्रशने गर्दीतून आईला निवडलं. ती इरकल नेसून गेलेली. क्रश माणसांच्या कपड्यांना 'कोरा' म्हणतो, म्हणजे कासवाचं कवच. "मागच्या बाजूचं ते लांबच लांब कवच कुठल्या समुद्रातलं?" मी आईच्या कानात भाषांतर केलं. आई माइकमध्ये शांतपणे मराठीत : "इलकलचं आहे हो, समुद्र नाही तिकडे." मी ते जपानीत सांगितलं. क्रश गप्प. एक गिरकी घेतली, काचेजवळ आला, पदराकडे निरखून बघितलं आणि म्हणाला, "म्हणजे ही जमिनीवर पोहते!" तीनेकशे माणसं टाळ्या वाजवत होती, एका लयीत. बाहेर पडताना तिघी-चौघी मुली आईपुढे वाकून "कवच फार सुंदर आहे" म्हणून गेल्या.

आता हा खेळ कुणी लिहिला, सांगा.

---

नाट्यवेडी

आईंना नमस्कार सांगा. त्यांनी क्रशला टाळी घ्यायला जागा दिली, हे लक्षात आलं का? नटाला दुसरं काय हवं असतं!

अवांतर : तामाचं सान्रिओ प्युरोलँड राहिलं. हॅलो किटीचं, सगळं छपराखाली, १९९०पासून. तिथल्या मोठ्या परेडीत प्रेक्षकांच्या हातात दिवे असतात, आणि गोष्टीत संकट आलं की ते दिवे हलवून मदत करायची. २०१८ साली तिथे काबुकीवरही खेळ आणला, किटीच्या मंडळीचा 'मोमोतारो' (जुनी जपानी लोककथा). म्हणजे फिरून गाडी माझ्या गावात आलीच.

---

फ्लोरिडाकर

निशीकासाई, कासवाची गोष्ट वाचून बायकोला वाचून दाखवली. आमच्याकडेही क्रश आहे, पण समोर बहुतेक पोरंच बसलेली असतात. मोठ्यांना हात वर करायला सांगायची टाप नाही त्याची. निम्मं म्हणालात ते मान्य.

बरं, कामाचं विचारतो. जूनअखेरीस टोकियोला येतोय, आईवडील सोबत. पावसाळा असेल ना? छत्र्या घेऊ का?

---

निशीकासाई

'त्सुयु' असतो, जुलैच्या मध्यापर्यंत रिपरिप. छत्र्या घ्या, पण परेडीच्या वेळी मिटाव्या लागतात, मागच्यांना दिसत नाही. रेनकोट घ्या, फिक्या रंगाचे, अंधारात एकमेकांना सापडता. चटई माझ्याकडे दोन आहेत, मोठी तुम्हाला देते. कासाई स्टेशनवरून पार्कापर्यंत थेट बस आहे.

आणि दुपारी चारनंतर रडार बघत राहा. बारीक निळे ठिपके दिसले तर मला फोन करा, मीही येते.